न झालेल्या सामन्याचे त्रेसष्ट साक्षीदार

"आऊट!"

हा आवाज मी सव्वीस वर्षांपूर्वी ऐकला आणि अजून तो माझ्या कानातून गेलेला नाही. नळ टपकायला लागला की त्यात तो येतो, खिडकी वाऱ्याने आपटली की त्यातही येतो. तरुण, खणखणीत, स्वतःवर पूर्ण विश्वास असलेला आवाज. ज्याचा तो होता तो पुढे दातांचा डॉक्टर झाला आणि त्याच्याही पुढे आमच्या प्रादेशिक हौशी टेनिस महासंघाचा अध्यक्ष. खणखणीत आवाजाला दोन्ही ठिकाणी मागणी असते.

त्या दिवशी खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. बायकांची वेगळी स्पर्धा भरवायला बायका कमी पडत होत्या आणि पुरुषांची वेगळी भरवायला पुरुष, म्हणून सगळ्यांची मिळून एकच. जाळीच्या अलीकडे तो, पलीकडे माझी ताई. ताईला जिंकायला एकच गुण हवा होता. तिने बॅकहँड मारला. चेंडू जाळीवरून पाखरासारखा तरंगत आला आणि मागच्या रेषेपाशी, माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पडला. कारण मी रेषापंच होतो. तो ओरडला, आणि पंचांनी माझ्याकडे पाहिलं.

हौशी टेनिसचा नियम साधा आहे. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते ज्याचं त्याने प्रामाणिकपणे सांगायचं. रेषापंचाला हरकत असेल तर त्याने तिथल्या तिथे बोलायचं. तो गप्प राहिला तर त्याला मान्य आहे असं धरतात. मी गप्प राहिलो. सोमवारी पाणीपुरवठा कार्यालयात माझी मुलाखत होती, आणि मुलाखत घेणारे साहेब, म्हणजे ओरडणाऱ्याचे वडील, पुढच्याच बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसले होते.

मला नोकरी लागली. ताई त्यानंतरचे सगळे गुण हरली. संध्याकाळी तिने घरी येऊन रॅकेट दाराआड टेकवली, धुणं धुतलं, दिवा लावून शिवणाच्या मशीनवर बसली. त्या सामन्याबद्दल ती तेव्हा एक अक्षर बोलली नाही. नंतरही नाही.

असो. आता मूळ विषय.

आमच्या महासंघाची 'वार्ता व संधी' नावाची मासिक पत्रिका निघते. गेली अकरा वर्षं मी तिचा संपादक आहे. तिच्यात दोनच सदरं. काय होणार आहे ते 'संधी'त, काय झालं ते 'वार्ते'त. सचिवांचा दंडक असा की एका अंकात छापलेली संधी पुढच्या अंकात वार्ता होऊन आलीच पाहिजे. न आल्यास 'वाया गेलेल्या संधीचा अहवाल' नऊ रकान्यांत, तीन प्रतींत भरून वरच्या समितीला सादर करावा लागतो. सचिव हे निवृत्त भूमापक. पाठीमागे सगळे त्यांना 'पोटनियम' म्हणतात. समोर कोणी म्हणत नाही, कारण त्यालाही एखादा पोटनियम असेल अशी भीती वाटते.

अडचण एवढीच की सामने महिन्याच्या शेवटच्या रविवारी असतात आणि छापखान्याला मजकूर वीस तारखेला लागतो. म्हणजे जे शेवटच्या रविवारी घडणार, ते वीस तारखेला घडून गेलेलं असावं लागतं. सुरुवातीला मी घाबरत घाबरत 'सामना चुरशीचा झाला असावा' असं लिहीत असे. मग हळूहळू 'असावा' गळून पडला. निकाल आधी यायचा, सामना नंतर व्हायचा, आणि आमचे खेळाडू सभ्य असल्यामुळे होता होईल तो निकालाप्रमाणेच खेळायचे. पुढे तेही थांबलं.

"निकाल आला का?"

"आला की."

"मग उन्हात कशाला मरायचं?"

असा व्यवहार रुळला. गेल्या तीन वर्षांत आमच्या विभागात एकशे बारा सामने झाले आणि कोर्टावरच्या मातीला त्यातल्या एकाचाही पत्ता नाही. मला यात काही गैर वाटलं नाही. कार्यालयातही मी तक्रार नोंदवून घेतानाच 'निवारण झाले' हा शिक्का मारून ठेवतो. नंतर गर्दी होते.

कोर्टावर रोज जाणारा माणूस एकच, चुनेकाका. सकाळी बादलीत चुना कालवायचा आणि दोरी ताणून रेषा मारायच्या, हे त्यांचं काम. काल मारलेली रेषा आज पुसलेली नसते, तरी तिच्यावरून पुन्हा हात फिरवायचा.

"काका, खेळायला तर कोणी येत नाही," मी एकदा म्हटलं. "मग रेषा कशाला?"

"अहो, रेषाच नसली तर आत काय आणि बाहेर काय, कळायचं कसं?" ते म्हणाले.

ताईचं दुकान शाळेच्या गणवेशांचं आहे. गळ्यात मापाची पट्टी, तोंडात टाचण्या, आणि भिंतीला हारीने टांगलेले एकाच रंगाचे, बाह्यांत हात नसलेले सदरे. मशीन चालवता चालवता ती स्वतःशी गुणगुणते. ओळी तिच्या तिनेच रचलेल्या असतात. त्या दिवशी मी पायरीवर पोचलो तेव्हा ती म्हणत होती,

पुढे पुढे चाले सुई, मागे मागे चाले दोरा,
भाऊ सारे बोले मला, एक बोल ठेवी कोरा.

मला पाहून तिने पायाखालची पट्टी थांबवली.

"गुडघा बदलायचा म्हणतात," ती म्हणाली. "दोन महिन्यांनी, बुधवारी, आठ तारखेला. मग चाला म्हणे, जिने चढा, पण पळायचं नाही. टेनिस बंद."

"बरं होईल गं. दुखणं तरी थांबेल."

"ते थांबेल." तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. "त्याआधी मला एकदा खेळायचंय. त्याच्याशीच. एक अख्खा सामना. हरले तरी चालेल रे, पण नीट हरले पाहिजे."

माझ्याकडे ताईला द्यायला दुसरं काही नव्हतं. जे हातात होतं ते दिलं. पुढच्या अंकाच्या 'संधी'त चौकट टाकली : 'माजी अंतिम खेळाडूंची पुनर्भेट. इच्छुकांनी अर्ज करावेत.' ताईने पहिल्याच दिवशी अर्ज केला. अध्यक्षांनीही केला, कारण त्यांना वाटलं भेट म्हणजे चहापान असेल.

सामना ठरला एकोणतीस तारखेला. आणि वीस तारीख उजाडली.

मी लिहिलं, 'पुनर्भेटीच्या सामन्यात ---- यांनी ---- यांचा पराभव केला.' यंदा मी जागा रिकाम्या सोडणार होतो. तसं ठरवलंच होतं. छापखान्यातून फोन आला.

"साहेब, इथे नावं राहिलीत."

"मुद्दाम ठेवलीत. सामना व्हायचाय."

"ते ठीक आहे. पण रिकाम्या जागेला आमच्याकडे टाइप नाही. काय ते नाव सांगा, यंत्र थांबलंय."

माझ्या तोंडाला सवय होती. तोंडाने नाव सांगून टाकलं. मनात म्हटलं, होऊ दे. ताई प्रत्यक्षात जिंकेल, मग शुद्धिपत्र काढू.

एकोणतीसला ताई बूट घालून कोर्टावर गेली तर तिथे मांडव होता. 'टेनिसप्रसार संधी मेळावा.' मागच्या रेषेवर प्रमाणपत्रांचं टेबल, जाळीवर फलक अडकवलेले, आणि सर्व्हिसच्या चौकोनात 'खेळासाठी मोकळ्या जागेची गरज' या विषयावर परिसंवाद. उभं राहायलाही जागा नव्हती. सामना एक आठवडा पुढे गेला. पाच तारीख, रविवार. शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी.

एक तारखेला अंक आला.

दुपारीच ताई महासंघाच्या खोलीत सचिवांच्या समोर उभी होती. मी शेजारी. पान चार उघडं. त्यावर छापलं होतं : 'रोमहर्षक! प्रेक्षकांनी खच्चून भरलेल्या कोर्टावर अध्यक्षांनी ६-४, ७-५ असा विजय मिळवला. दुसऱ्या सेटमध्ये प्रतिस्पर्धी खेळाडू घसरून पडल्या असता अध्यक्षांनी जाळी ओलांडून त्यांना हात दिला.' हात दिल्याचं मी मजकूर पानात बसावा म्हणून घातलं होतं.

"सचिवसाहेब, पाच तारखेचा सामना दहा वाजताच ना?" ताईने विचारलं.

"कोणता सामना?"

"माझा."

"तो झाला," सचिव म्हणाले आणि पानावर बोट ठेवलं. "एकदा झालेला सामना पुन्हा घेता येत नाही. पोटनियम चौदा."

"अहो, पण मी खेळलेच नाही!"

"म्हणूनच हरलात, ताई. खेळला असता तर कदाचित जिंकलाही असता." हे ते खरोखरच्या सहानुभूतीने म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ बंद होतं.

"शुद्धिपत्र काढता येईल," मी पुटपुटलो.

"अवश्य! त्यासाठी सामना न झाल्याचे दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत."

"न झालेली गोष्ट कोणी पाहील कशी?" ताई म्हणाली.

"तेच तर," सचिव म्हणाले. "म्हणून आजवर शुद्धिपत्र निघालेलं नाही."

तरीही रीतसर सूचना लागली. 'पुनर्भेट सामन्याबाबत ज्यांना काही पाहिले असल्याचे आठवते त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता सुनावणीस हजर राहावे. साक्षीदारांना सहभागाचे प्रमाणपत्र मिळेल.' आणि प्रमाणपत्राचं आमच्याकडे असं आहे की तीन जमली की रेषापंच-प्रशिक्षणाला बसता येतं, प्रशिक्षण झालं की निरीक्षक होता येतं, आणि निरीक्षक झालं की मग आयुष्यात कधीच कोर्टावर जावं लागत नाही. ही संधी होती.

दुसऱ्या दिवशी मी केस कापायला गेलो. कारागिराने मानेभोवती कापड गुंडाळलं आणि हळहळला.

"काय खेळल्या हो तुमच्या ताई! घसरल्या म्हणून, नाहीतर..."

"तुम्ही होतात तिथे?"

"म्हणजे काय! अगदी पुढे. त्यांच्या कोपराला खरचटलं ना?"

मी आरशात त्याचे डोळे पाहिले. खोटं बोलणाऱ्या माणसाचे ते नव्हते. औषधांच्या दुकानात तर दुकानदाराने मला थांबवून सांगितलं की खरचटल्यावर लावायचं मलम त्याच्याच खिशातून गेलं. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या की सातव्या गेमला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारपर्यंत यादी त्रेसष्टवर गेली. आमच्या कोर्टाला तीन बाकं आहेत, एकेका बाकावर आठ माणसं बसतात. उरलेल्या एकोणचाळीस जणांनी आपण उभे होतो असं लिहून दिलं, आणि आपल्याला नीट दिसत नव्हतं अशी तक्रारही जोडली.

शनिवारी मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, सगळा गाव विसरला तरी ज्याने सामना खेळला नाही त्याला तरी आठवत असेल. दवाखान्यात गेलो, आणि तिथेच चुकलो. दातांच्या दवाखान्यात बोलायला आलेला माणूस आणि दाढ दाखवायला आलेला माणूस यांत फरक करत नाहीत.

"या संपादक, बसा. आ करा."

"मला जरा बोलायचंय, सामन्याबद्द..."

"मोठा आ. हं." त्यांनी माझ्या दोन्ही गालांत कापूस कोंबला. "सामन्याचं काय सांगता! सुंदर लिहिलंत. खरं सांगू? वाचेपर्यंत मला वाटत होतं की त्या दिवशी मी मेळाव्यात होतो. पण वाचत गेलो तसं एकेक आठवत गेलं. ताई घसरल्या ना, तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं हो!"

"आँ... आँ..."

"हलू नका. जाळी ओलांडताना माझी पँट अडकली होती, ते तुम्ही मोठ्या मनाने वगळलंत." त्यांनी आरसा आत घातला आणि एकदम गंभीर झाले. "अरेरे. ही दाढ किती वर्षं दाबून ठेवलीत?"

लोक मूग गिळून बसतात. मी कापूस गिळून बसलो. बाहेर पडताना जीभ इतकी बधिर होती की 'धन्यवाद' सोडून दुसरा शब्द उच्चारता येत नव्हता. तो मी उच्चारला.

रविवारी दहा वाजता महासंघाच्या खोलीत सुनावणी सुरू झाली. लोखंडी खुर्च्या, टेबलावर हिरवं कापड, पाण्याचा तांब्या. समोरच्या खिडकीतून कोर्ट दिसत होतं, लख्ख, रिकामं, ताज्या पांढऱ्या रेषांचं. ताई बूट घालून, रॅकेट घेऊनच आली होती. मापाची पट्टी गळ्यात तशीच राहिलेली. सामन्याची वेळही दहाचीच होती ना. ती खिडकीजवळ बसली आणि दुखरा गुडघा हाताने चोळत बाहेर बघत राहिली. नवरी न्यायला माणसं यावीत आणि त्यांनी ओसरीवर बसून तिच्या चपलांच्या मापावर वाद घालावा, तसं मला वाटलं.

त्रेसष्ट साक्षी झाल्या. पहिल्या दहांमध्ये ताई एकदा पडली. पुढच्या विसांमध्ये दोनदा. पन्नासाव्या साक्षीपर्यंत ती इतकी पडली होती की खुद्द सचिवांनी 'उठल्या कधी?' असं विचारून घेतलं.

न झाल्याच्या बाजूने एकच माणूस उभा राहिला. चुनेकाका.

"त्या रविवारी मांडव होता साहेब. आणि सोमवारी रेषा पाहिल्या मी. चेंडूची एक खूण नाही."

"रेषा तुम्ही रोज मारता?" सचिवांनी विचारलं.

"रोज."

"सोमवारीही मारल्यात?"

"मारल्या."

"मग खुणा तुम्हीच पुसल्यात." सचिवांनी टाचणी लावली. "पुरावा नष्ट केल्याबद्दल आपल्याला समज देण्यात येत आहे. बसा."

चुनेकाका बसले. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

"विरुद्ध बाजूने आणखी कोणाला काही सांगायचं आहे?"

ताईने खिडकीतून मान वळवली. माझ्याकडे बघत नव्हती, पण माझ्या बाजूला वळवली. मी उभा राहिलो.

"मला सांगायचंय. हा सामना झालेला नाही. निकाल मी वीस तारखेला लिहिला. पडणं, हात देणं, खच्चून गर्दी, सगळं मी रचलं. मी, संपादकाने."

आता गदारोळ होणार म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. काही झालं नाही. केस कापणारा कारागीर समजुतीने हसला.

"साहेब, ते आम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही दरवेळी आधीच लिहिता."

"म्हणून काय आम्ही पाहिलं ते खोटं?" ग्रंथालयातल्या बाई दुखावल्या.

सचिवांनी नोंद केली : 'संपादकांनी निकाल अचूक वर्तविल्याबद्दल अभिनंदन.' टाळ्या पडल्या. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते.

मी खाली बसायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी फार चांगला खाली बसत आलो आहे. पण गुडघे वाकेनात. खिडकीबाहेर मागची पांढरी रेषा उन्हात झळझळत होती, आणि मी एक कबुली देऊन पाहिली होती तर तिचं अभिनंदन झालं होतं. आता उरली होती एकच.

"चेंडू आत होता," मी म्हणालो.

"कोणता चेंडू?" सचिव.

"सव्वीस वर्षांपूर्वीचा. अंतिम फेरीतला. ताईचा बॅकहँड. बाहेर नव्हता. रेषेवर पडला, चुना उडाला. मी हातभर अंतरावर होतो. मी पाहिलं आणि बोललो नाही. सोमवारी माझी मुलाखत होती."

सचिव उठले, कपाटातून जुनी वही काढली, पान शोधलं.

"अंतिम फेरी. प्रेक्षक एकशे चाळीस," त्यांनी वाचलं. "उपस्थितांपैकी त्या दिवशी जे हजर होते, त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही.

"माझी तब्येत बरी नव्हती तेव्हा," कारागीर म्हणाला. औषधाच्या दुकानदाराने घसा खाकरला. "मी होतो. पण नेमका बुटाची नाडी बांधत होतो." ग्रंथालयातल्या बाईंच्या डोळ्यांत त्या दिवशी ऊन येत होतं. मागच्या रांगेतल्या एकाने सांगितलं की त्याला काहीतरी पांढरं उडाल्यासारखं वाटलं होतं, पण कोणीच काही बोलेना, म्हणून त्याला वाटलं फुलपाखरू असेल.

वहीतल्या त्या एकशे चाळीस नावांची यादी महासंघाच्या दप्तरात उपलब्ध आहे. नावांची शाई पुसट झाली आहे, त्यामुळे कोण होतं आणि कोण नव्हतं हे आता सांगता येत नाही. वाचकांनी यादीत आपलं नाव आहे की नाही ते सवडीने येऊन पाहून जावं. नाडी बांधत असल्याची नोंद वेगळ्या रकान्यात करून मिळेल.

मग अध्यक्ष उठले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. खणखणीत आवाज कुठेतरी हरवला होता.

"मी 'आऊट' म्हणालो ना," ते म्हणाले, "तेव्हा चेंडू अजून खाली आलाच नव्हता. हवेतच होता."

मला कोण आनंद झाला! म्हणजे निकाल आधी सांगायची पद्धत माझी नव्हतीच.

"चुनेकाका," अध्यक्षांनी विचारलं, "रेषा मारल्यात?"

"मारल्यात की," चुनेकाका म्हणाले. "तीन वर्षं मारतोच आहे."

ताई रॅकेट टेकवत उठली. ती दोघं दाराबाहेर पडली, मागे बादली उचलून चुनेकाका. त्रेसष्टांपैकी कोणी हललं नाही. प्रमाणपत्रं वाटायची होती आणि रांग लागली होती. टेबलामागून सचिव मला ओरडून विचारत होते, "अहो संपादक, आता हा सामना टाकणार कुठे? वार्तेत तर आधीच गेलाय, आणि संधी तर मागच्या अंकात संपली!"

मी उत्तर न देता कोर्टावर गेलो. मागच्या रेषेपाशी ती जुनी लाकडी खुर्ची अजून होती. एक पाय किडलेला, पाठीवर पक्ष्यांची शीट. कोणी न सांगताच मी तिच्यावर बसलो.

ताई लंगडत माझ्यापाशी आली. गळ्यातली मापाची पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि खाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"काळीच पँट घालून आलास?"

"का गं?"

"मागच्या वेळीही काळीच होती. मीच शिवलेली." तिने चेंडू दोनदा आपटून पाहिला. "संध्याकाळी धुवायला घेतली तर दोन्ही गुडघ्यांवर चुना. दोनदा साबण लावला तरी निघेना रे. मला त्याच दिवशी माहीत होतं."